मीडियात करिअर करायचंय? आधी तंजावर पाहून या

घरात कुणी बारावी झालं आणि ‘मला मास मीडिया करायचंय’ म्हणालं, की आईबाबांच्या कपाळावर आठी पडते. त्यांचंही चुकत नाही. वृत्तपत्रांची पानं कमी झालीत, वाहिन्यांमधल्या नोकऱ्यांचा भरवसा राहिला नाही आणि बातमीचा पहिला मसुदा आता एआय दोन मिनिटांत लिहून देतं. मग तीन वर्षं आणि एवढी फी घालून शिकायचं तरी काय?

या प्रश्नासाठी तुम्हाला तमिळनाडूतल्या तंजावरला घेऊन जावंसं वाटतं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचं घराणं इथे १८५५ पर्यंत नांदलं. त्यातले सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर बसले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह झाला आणि राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजांकडे उरला किल्ला, मानमरातब आणि तनखा. सत्ता गेलेल्या माणसानं आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोहोचवायचं कसं?

सरफोजींनी आधी दगड निवडला. बृहदीश्वराच्या भव्य मंदिरात, प्राकाराच्या भिंतीवर, १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. तुम्ही आजही तिथे उभं राहून देवनागरी अक्षरं वाचू शकता. आजूबाजूला सगळं तमिळ बोलणं चाललेलं असतं आणि समोर भिंतभर मराठी. अंगावर काटा येतो!

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८०६ मध्ये, राजांच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडलं. इसापच्या गोष्टी, मराठीत, मुलांसाठी. पुण्यात तेव्हा पेशवाई होती. म्हणजे एकाच माणसानं तीन वर्षांत दगडावरून खिळ्यांच्या छपाईवर उडी मारली. भिंतीसमोर वाचकानं यायचं, पुस्तक वाचकाकडे जाणार, हा फरक त्याला कळला होता. म्हणून मजकूरही बदलला. भिंतीवर वंशाचा इतिहास, पुस्तकात कोल्हा नि द्राक्षं.

याहून गंमतशीर आहे ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा दक्षिणेतला लोकप्रिय नाट्यप्रकार, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी असते. सरफोजींच्या नावावर असलेल्या या मराठी नाटकात ती जगाचा भूगोल सांगते. शाळेतला धडा लोकांना आवडणाऱ्या साच्यात बसवला. आजचे ‘एज्युकेशनल रील’ करणारे दुसरं काय करतात? त्यांच्याही आधी याच घराण्यातल्या शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ लिहून एका नाटकात पाच भाषा नांदवल्या होत्या. तंजावरात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत रोज कानावर पडत, तेव्हा प्रेक्षक एकभाषी नाही हे ओळखणं भाग होतं.

आता तुमच्या मुलाच्या कोर्सकडे वळू. कॅमेरा आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर यांवर भाळू नका. ती पदवी हातात येईपर्यंत बदललेली असतात. पाहायचं ते हे, की तिथे मुलं किती लिहितात, बाहेर जाऊन किती लोकांशी बोलतात आणि त्यांनी लिहिलेलं कुणी लाल शाईनं तपासतं का. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्यांचं प्रयोगपत्र मागा. ते वर्षभरात एकदाच निघत असेल, तर स्टुडिओ कितीही चकचकीत असो, मला तरी शंका येईल. पुण्यातली रानडे इन्स्टिट्यूट किंवा दिल्लीत १९६५ मध्ये सुरू झालेली भारतीय जनसंचार संस्था यांची नावं तुम्ही ऐकली असतील. या संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही आहे. मोठं नाव नसलेल्या कॉलेजातही एखादा तळमळीचा शिक्षक सापडतो, त्यामुळे आजी विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय फी भरू नका.

आणि भाषा. इंग्रजी हवीच, पण मराठी कच्ची ठेवून नाही. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेच मुळी मराठी-इंग्रजी शेजारी-शेजारी छापून. त्याच वर्षी मार्चमध्ये सरफोजी गेले.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो मराठी हस्तलिखितं आहेत, शिवाय मोडीतल्या दप्तरांचे गठ्ठे. ती घसटती अक्षरं वाचणारी माणसं थोडी आहेत. मोडीची तोंडओळख काही महिन्यांत होते, सराईतपणा यायला मात्र वेळ लागतो. माहितीपट, पॉडकास्ट किंवा संशोधनाच्या कामात मूळ कागद स्वतः वाचू शकणारा पत्रकार किती वेगळा ठरेल, विचार करा. जो कागद कुणी वाचलेलाच नाही, त्याचा गोषवारा एआय कुठून देणार?

एक घरगुती परीक्षा सुचवते. सांबार तंजावरच्या मराठी राजवाड्यात जन्मलं आणि संभाजीराजांवरून त्याला नाव पडलं, हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. आख्यायिका झकास आहे. मीडियात जायचं म्हणणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगा, आठवडाभरात शोध, ही गोष्ट पहिल्यांदा कुणी, कुठे आणि कधी लिहिली. त्या काळातला कागद आहे का? सातव्या दिवशी डोसे करा आणि त्यांना काय सापडलं ते शांतपणे ऐका. मेसेज पाठवणाऱ्या काकांना उत्तर द्यायचं का आणि कसं, तेही त्यांनाच लिहू द्या.