बोंबलाचं गाव कोणतं?

पावसाळ्यात भाजी कडाडली की आपल्या चोपड्यात कितीतरी घरांत डब्यातली सुकट निघते, नाहीतर सुके बोंबील. तव्यावर भाजायचे, लसूण-मिरचीत परतायचे आणि भाकरीशी खायचे. (वास चार घरं जातो, ते सोडा!) पण मैत्रिणींनो, हा बोंबील सगळ्या किनाऱ्यावर सारखा मिळत नाही बरं का. गुजरातपासून रत्नागिरीपर्यंत तो भरपूर, त्याच्या खाली दक्षिणेला तुरळक, आणि मग एकदम बंगाल-ओडिशाकडे पुन्हा भेटतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: नद्यांचा गाळ, गढूळ पाणी आणि भरती-ओहोटीची जबर ओढ.

त्या गाळात आपलाही वाटा आहे. मुलताईला उगम पावलेली तापी आपल्या तालुक्याच्या कडेने वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात बराच गाळ अडतो, तरी बारीक माती पुढे जातेच. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात, म्हणजे तीन मजली घराएवढा! एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, माती घुसळतं, पसरवतं. असा मऊ चिखलाचा तळ बिळं करून राहणाऱ्या कृमींना, शिंपल्यांना, कोळंबीला मानवतो. कोळी बांधव तर डोल जाळी तळाशी बांधून तिचं तोंड प्रवाहाकडे ठेवतात. मासळीला ओढून आणायचं काम पाणीच करतं.

आता विजयदुर्गहून समुद्रात सुमारे शंभर किलोमीटर आत चला. तिथे पाण्याखाली एक पठार आहे, अँग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांचं. माथा जेमतेम वीस मीटर खोल, भोवती शेकडो मीटरचा उतार. किनाऱ्याचा गाळ इथवर पोचत नाही, पाणी नितळ, ऊन तळाला लागतं. म्हणून इथे प्रवाळ आहेत. चिखल बसला तर प्रवाळ गुदमरतात. ते जागचे हलत नाहीत, त्यामुळे बरंचसं अन्न प्रवाहाने दारात आणून द्यावं लागतं. त्यांची पिल्लंही आधी पाण्यावर तरंगतात आणि प्रवाह नेईल तिकडे जातात. योग्य तळ सापडला तर संसार मांडला, नाहीतर संपलं.

हाच प्रवाह कधी उलटतोही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचं पाणी दक्षिणेकडे वाहतं आणि खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर किनाऱ्याकडे सरकतं. त्यात खत असतं, त्यामुळे वर सूक्ष्म वनस्पती माजतात. त्या मरून खाली कुजल्या की उरलासुरला प्राणवायूही जातो. पावसाळा सरता सरता गोवा-कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळ तळाशी श्वास घेणं मुश्कील होतं. मासे पळून जातात. शिंपली कुठे पळणार? तग धरतात त्या थोड्याच जाती, बहुतेक बारीक कृमी.

गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये लिहिलं, की ही घुसमट वाढलेली दिसते आणि शेतातून वाहून आलेल्या खतांचा त्यात हात असावा. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही. पण मला आपल्याकडच्या केळीबागा आठवल्या. युरिया टाकताना 'थोडा जास्तच टाक' म्हणणारे आपल्याच घरात असतात. पिकाने न घेतलेलं खत पावसात नाल्याला लागतं, नाला तापीला. हिशोब जमिनीवरच थांबतो असं मला तरी वाटत नाही.

ऑक्टोबरनंतर वारे फिरतात. हिवाळ्यात प्रवाह उत्तरेकडे वळतो, तळाला प्राणवायू पुन्हा मिळू लागतो आणि कुठून कुठून वाहत आलेली पिल्लं रिकाम्या चिखलात उतरायला लागतात.