आठ फुटी चाकांचं श्रेय कोणाचं?

११ मे १८४८ रोजी ‘ग्रेट ब्रिटन’ नावाच्या इंजिनानं लंडनच्या पॅडिंग्टनहून डिडकॉटपर्यंतचे ५३ मैल जेमतेम ४८ मिनिटांत कापल्याची नोंद आहे. म्हणजे ताशी सरासरी १०५ किलोमीटरहून जास्त! ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ‘आयर्न ड्यूक’ वर्गातलं हे इंजिन डॅनियल गूच यांनी आखलेलं होतं. या वेगाचं श्रेय बहुतेकदा या रेल्वेचे अभियंते ब्रुनेल यांच्या सात फुटी गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. या इंजिनाचं चालकचाक आठ फूट व्यासाचं होतं. एका फेऱ्यात ते २५ फुटांहून जास्त अंतर जाई. ताशी ६० मैलांना मिनिटाला सुमारे २१० फेरे पुरत. साडेपाच फुटी चाकाला तेवढ्यासाठी तीनशेहून अधिक फेरे घ्यावे लागले असते. फेरे कमी, म्हणून दट्ट्याची ये-जा संथ आणि सिलिंडरमध्ये वाफ शिरायला-निघायला उसंत. त्याला सतत वाफ पुरवणाऱ्या मोठ्या बॉयलरची जोड होती. वेगाचं मूळ इथं आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की रुंद आणि अरुंद गेजची तुलना करणाऱ्या १८४५च्या गेज-चाचण्यांत गूच यांच्याच ‘इक्सिऑन’नं अरुंद गेजच्या इंजिनांना मागं टाकलं होतं. ते खरंच आहे. चाकांमध्ये जागा जास्त, म्हणून भट्टी रुंद करता येई आणि भारी बॉयलरही स्थिर राही. पण ही सोय त्या काळापुरतीच होती. १८७० साली पॅट्रिक स्टर्लिंग यांनी अरुंद, म्हणजेच प्रमाण गेजवर आठ फुटांहून मोठ्या चाकाचं इंजिन धावतं केलं, तेव्हा अरुंद रुळांवरही एवढं चाक चालतं हे दिसलं.

रुंद गेजचा तोटा मात्र जाळ्याबरोबर वाढत गेला. ग्लॉस्टरला दोन गेज भेटत. तिथं प्रत्येक पोतं एका डब्यातून दुसऱ्यात हलवावं लागे. या वादासाठी नेमलेल्या गेज-आयोगानं रुंद गेजचा वेग मान्य करूनही अरुंद गेजचीच शिफारस केली, कारण त्याचे सुमारे १,९०० मैल होते, रुंदचे तीनशेही नव्हते. १८४६ साली त्यानुसार कायदा झाला. ‘आयर्न ड्यूक’ रुळांवर आला तो त्यानंतर, १८४७ मध्ये. मग भारतात साडेपाच फुटी गेज कसं टिकलं? ते सुरुवातीलाच ठरवलं गेल्यामुळे मुख्य मार्ग त्यावरच वाढले. पुढं मीटर गेज आलं, तेव्हा आपल्याकडेही माल उतरवण्या-चढवण्याचं तेच दुखणं सुरू झालं.