गोदावरीवरची अठ्ठावीस धनुष्यं

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी आपली गोदावरी आंध्र प्रदेशात पोचते तेव्हा केवढी होते, ठाऊक आहे? कोव्वूर आणि राजमुंद्री या गावांमध्ये तिच्यावरचा पूल बांधायचा तर तो पावणेतीन किलोमीटर लांब लागतो!

इथे १९०० सालापासून हॅवलॉक पूल आगगाड्या पेलत होता. तो थकला, म्हणून १९९७ मध्ये काँक्रीटच्या कमानींचा नवा रेल्वेपूल आला. बांधला कुणी? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने! गाळे २८, प्रत्येक सुमारे ९७ मीटरचा.

आता गंमत करून पाहा. बांबूची कांब वाकवून टेबलावर कमानीसारखी धरा नि वरून दाबा. टोकं बाहेर सरकतात ना? पुलावर असं झालं, तर खांबच लोटले जातील नि भरलेली गाडी धोक्यात येईल. मग टोकांना दोरी बांधून दाबा. झालं धनुष्य! टोकं जागच्या जागी.

पुलात या दोरीचं काम रुळांखालची काँक्रीटची तुळई करते. पण काँक्रीट दाब झकास सोसतं, ताण मात्र नाही. म्हणून तुळईत पोलादी तारा घट्ट ताणून बसवल्या आहेत. दिसते ती कमान. तिला सावरते ती न दिसणारी दोरी!