भाडा किती सांगूचा?

देवगडजवळच्या मिठबावात राहत्या घराला दोन खोल्या जोडून तांबळडेगच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांची सोय करायची, हापूसच्या पेट्या दलालाकडे न धाडता थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पोचवायच्या किंवा घरचं कोकम आगळ बाटल्यांत भरून विकायचं, असं कुणी मनावर घेतलं की त्याला एक सल्ला हमखास मिळतो: 'आधी ट्रेनिंग करून घे.' बँकेतले साहेब सांगतात, जिल्हा उद्योग केंद्रात सांगतात, बचत गटातली ताई सांगते. पुष्कळांना ते सर्टिफिकेटपुरतं वाटतं. कर्जाच्या फाइलला तो कागद लागतो, म्हणून जाऊन बसायचं. हे फार नुकसानीचं आहे. त्या वर्गात नेमकं काय चालतं आणि कशासाठी, हे आधी समजलं तर तेच दिवस वर्षभराच्या कमाईवर परिणाम करतात.

हे वर्ग मुख्यतः दोन ठिकाणी चालतात. एक, राज्य सरकारचं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी. ते 1988 पासून काम करतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं भरवतं. दुसरं, बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. तिचं मूळ कर्नाटकातल्या उजिरे गावी आहे. धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा बँकेच्या साथीने 1982 साली तिथे पहिली संस्था निघाली, आणि पुढे केंद्र सरकारने तोच नमुना देशभर नेला. आरसेटीत शिकवणं, राहणं आणि जेवण मोफत असतं. विषयाप्रमाणे वर्ग आठवड्यापासून महिना-दीड महिना चालतो.

शिकवण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी 1964 च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाडा शहरातल्या लहान व्यापाऱ्यांना हैदराबादच्या संस्थेत आणून सुमारे दहा दिवस शिकवलं. धंद्याची माहिती देण्यावर त्यांचा भर नव्हता. स्वतःपुढे उद्दिष्ट कसं ठेवायचं आणि धोका कसा जोखायचा, हा विषय होता. पुढच्या काळात हे व्यापारी न शिकलेल्यांपेक्षा धंदा वाढवण्यात जास्त धडपड करताना दिसले. गुजरातने 1970 पासून हा धागा पुढे नेला आणि 1983 मध्ये अहमदाबादला त्याची राष्ट्रीय संस्था झाली.

त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात रिंगा दिल्या तर 'हा काय पोरखेळ' असं म्हणू नका. जमिनीवर एक खुंटी असते. कितीही अंतरावर उभं राहा, रिंगा टाका. लांबून पडली तर गुण जास्त. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, काही जण पार भिंतीजवळून फेकतात. पहिल्यांदा काय होतं ते बघून जो आपली जागा थोडी पुढे-मागे करतो, त्याच्याकडे शिकवणारा बोट दाखवतो. पहिल्याच वर्षी सहा खोल्या बांधणारा भिंतीजवळ उभा आहे, आणि 'बघू, कुणी आलं तर देऊ' म्हणणारा खुंटीजवळ. दोन खोल्यांनी सुरुवात करून एका हंगामाचा हिशेब बघणारा मधे.

यानंतर येतो हिशेबाचा दिवस. माझ्या मते सगळ्या शिबिराचा जीव इथे आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक छोटे धंदे इथेच अडतात. फोनवर पर्यटक विचारतो, खोलीचं भाडं किती? आतून हाक येते, 'पावण्यांका भाडा किती सांगूचा?' शेजारी पंधराशे घेतो म्हणून आपणही पंधराशे सांगतो. पण शेजाऱ्याने खोल्या कर्जावर बांधल्यात की भावाच्या पैशांवर, हे आपल्याला माहीत नसतं.

समजा, दोन खोल्या आहेत. पुढचे आकडे पद्धत समजण्यापुरते धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुम्ही तुमचे घाला. पाहुणा येवो न येवो, होणारा वर्षाचा खर्च आधी लिहायचा. कर्जाचा हप्ता महिना 8,000, म्हणजे 96,000. पावसानंतरची रंगरंगोटी आणि दुरुस्ती 24,000. वीज व इंटरनेटचा किमान आकार 12,000. हंगामात चार महिने मदतीला येणाऱ्या बाईंचे 36,000. बेरीज 1,68,000. आता एका खोलीत एक रात्र पाहुणा राहिला की चादरी, साबण, वाढीव वीज आणि नाश्ता मिळून 300 रुपये जातात. भाडं 1,500 असेल तर दर रात्री हातात उरतात 1,200. एक लाख अडुसष्ट हजाराला बाराशेने भागा: 140 खोली-रात्री. म्हणजे दोन्ही खोल्या वर्षात 70 रात्री भरल्या तर खर्च निघाला. ऑक्टोबर ते मे या काळात साधारण 35 आठवडे असतात. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री धरल्या तर त्याच 70 होतात.

इथे शिकवणारा विचारतो, 'आणि तुमचा पगार?' वर्गात शांतता पसरते. पहाटे उठून घावणे घालणारी, चादरी बदलणारी, रात्री अकराला गेट उघडणारी घरची बाई हिशेबात कुठेच नसते. तिच्या कष्टाचे वर्षाला अगदी 60,000 धरले तरी बेरीज 2,28,000 होते आणि लागतात 190 खोली-रात्री, म्हणजे दोन्ही खोल्या भरलेल्या 95 रात्री. वरच्या 25 रात्री दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना यांतून काढायच्या आहेत. शुक्रवार-शनिवारच्या रात्री खर्च भागवतात, सणासुदीची गर्दी घरच्या माणसाचा पगार देते. हे एकदा कागदावर दिसलं की नाताळात घासाघीस करणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते आपोआप सुचतं.

घासाघिशीचंही गणित करून बघा. भाडं 1,500 वरून 1,200 केलं तर दर रात्री हातात उरतात फक्त 900. आता 190 ऐवजी 254 खोली-रात्री लागतील. भाडं पाचव्या हिश्श्याने उतरवलं आणि पाहुणे मात्र तिसऱ्या हिश्श्याने जास्त आणावे लागले. पावसाळ्यात रिकाम्या पडलेल्या खोलीचं भाडं उतरवणं ठीक, कारण तेव्हा तीनशेच्या वर मिळेल ते मिळकतच. भरल्या हंगामात उतरवणं म्हणजे आपल्याच मजुरीला कात्री.

तयार पुस्तकांतून शिकवणारे एका गोष्टीत कमी पडतात: त्यांचा तक्ता दर महिन्याला सारखी विक्री धरतो. देवगडच्या किनाऱ्यावर तसं काही नसतं. आंब्याचा पैसा मार्चअखेर ते मे या काळात येतो, पण फवारणी, खत, राखणदार हा खर्च त्याच्या कितीतरी आधी उभा राहतो. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते. खोल्या जूनमध्ये ओस पडतात, आणि त्याच सुमाराला शाळेचा खर्च, मग चतुर्थी. म्हणून बारा महिन्यांचा तक्ता आग्रहाने मागून घ्या: प्रत्येक महिन्यात येणारा पैसा, जाणारा पैसा आणि अखेरची शिल्लक. ज्या महिन्यांत शिल्लक शून्याखाली जाते तेवढं खेळतं भांडवल आधीच बाजूला हवं. ते नसेल तर दलालाची उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की माल त्याच्याकडेच द्यावा लागतो. हप्ते हंगामाला धरून बसवता येतील का, हे बँकेला तक्ता पुढे ठेवूनच विचारता येतं.

शिबिरातल्या बँकेच्या दिवशी अनुदानाचा गैरसमज दूर होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या उद्योगाला 50 लाखांपर्यंत आणि सेवेच्या उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के अनुदान असतं, स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात. मात्र अनुदानाची रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. उद्योग बंद पडला तर अनुदानही गेलं. जाळी विणणारे आणि होड्या बांधणारे यांच्यासाठी 2023 ची विश्वकर्मा योजना वेगळी आहे: पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. समुद्राजवळ बांधकाम असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा, प्रश्न कर्जाच्या आधी सोडवा.

शिबिर निवडताना मी एकच गोष्ट सगळ्यांत वर ठेवीन: नंतर कोण येणार? आरसेटीच्या पद्धतीत प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. तो हक्काने मागा. पहिला हंगाम संपला की वही घेऊन त्यांच्याकडे जा, धरलेले आकडे आणि खरे आकडे शेजारी शेजारी मांडा. 140 खोली-रात्रींच्या जागी 90 झाल्या असतील तर कोणते आठवडे रिकामे गेले ते त्यात दिसेल.

वेळही जपून निवडा. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराला वर्गात बसणं शक्य नाही, जुलैत लावणी असते. लावणी उरकल्यावर आणि चतुर्थीची गडबड सुरू होण्याआधी जे दिवस मिळतात ते यासाठी उत्तम. पाच-दहा जणांनी मिळून बचत गटामार्फत किंवा ग्रामपंचायतीमार्फत मागणी केली तर गावातच वर्ग भरवण्याची विनंती करता येते. जाताना गेल्या वर्षीची विजेची बिलं, पासबुक, मजुरीची वही आणि खताच्या दुकानातल्या पावत्या पिशवीत घाला. शक्य असेल तर नवरा-बायको दोघांनी जा, कारण बागेचा खर्च एकाला माहीत असतो आणि घरचा दुसऱ्याला.