तांब्याला सुट्टी, थंडावा तसाच!

भर उन्हाळ्यात खंबाटकी घाट, बॉनेट उघडून उभी असलेली जीप, आतून येणारी वाफ आणि बाटली घेऊन पाणी शोधणारा ड्रायव्हर. आईबाबांच्या सहलीच्या आठवणींत हा सीन असतोच. आज तो क्वचित दिसतो. गंमत म्हणजे आजच्या गाडीतला रेडिएटर जुन्यापेक्षा हलकाही आहे आणि बनवायला स्वस्तही. हे जमलं कसं?

जुना रेडिएटर म्हणजे पितळेच्या नळ्या, तांब्याच्या फिन्स आणि डाग देऊन केलेले जोड. उष्णता वाहून नेण्यात तांबं उस्ताद, पण जड आणि महाग. १९७०च्या दशकात युरोपातल्या कारमध्ये ॲल्युमिनियम मोठ्या प्रमाणावर आलं. तेवढ्याच आकाराच्या तुकड्याचं वजन तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी! पण उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्केच. मग थंडावा घटायला हवा ना?

इथेच खरी मेख आहे. इंजिनातली उष्णता कूलंटमधून नळीच्या भिंतीत, तिथून फिनमध्ये आणि फिनमधून हवेत जाते. भिंत मिलिमीटरहूनही पातळ, त्यामुळे धातू कोणताही असो, तिथे फारसं अडत नाही. ट्रॅफिक जॅम होतो तो शेवटच्या टप्प्यावर, कारण उष्णता उचलून घेण्यात हवा भलतीच आळशी!

म्हणून इंजिनिअर्सनी हवेच्या बाजूवर मेहनत घेतली. फिन्सवर खिडकीच्या झडपांसारख्या बारीक तिरक्या चिरा पाडल्या. फिनला चिकटून बसणारा हवेचा थर त्यामुळे सारखा तुटतो आणि उष्णता पटापट निघते. गोल नळ्यांऐवजी चपट्या नळ्या आल्या. फिन किंचित जाड केली की ॲल्युमिनियमची उरलेली कसरही भरून निघते. सगळा गाभा सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत एकदम जोडला जातो. दोन बाजूंच्या टाक्या तर चक्क प्लास्टिकच्या, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या.

मग यात काहीच गमावलं नाही? गमावलं, पण थंडावा नाही, दुरुस्ती. तांब्याचा रेडिएटर गळला, तर गॅरेजवाला डाग देऊन तासाभरात गाडी हातात द्यायचा. आज प्लास्टिकची टाकी तडकली, की बहुतेकदा उत्तर एकच, ‘नवीन टाका’. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं, तर ॲल्युमिनियम आतून गंजत जातं ते वेगळंच. म्हणजे कंपनीला जे स्वस्त पडलं, त्याचा थोडा हिशेब गाडीवाल्याच्या खिशात आला आणि डाग देणाऱ्या कारागिराचं काम घटलं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये ‘वजन कमी करा’ असं सर सांगतील, तेव्हा आधी शोधा, जॅम नेमका कुठे आहे? आणि सोबत हेही विचारा, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?