मोरब्याचे पाणी किती वेगाने चढते?

बारावीला अवकलनाची उपयोजने सुरू झाली की भिंतीवरून घसरणारी शिडी ठरलेलीच. खालचे टोक अमुक वेगाने सरकते, तर वरचे किती वेगाने खाली येते? दोन राशी एकमेकींना बांधलेल्या. एकीच्या बदलाचा दर ठाऊक, दुसरीचा काढायचा. कर्जत-खालापूरच्या मुलांनी त्यासाठी शिडी का धरून बसावे, कळत नाही. घाट आणि धरण दोन्ही दारात आहेत.

आधी घाटातली गाडी

१८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर चढ १:३७ पर्यंत जातो. म्हणून तर कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात. या चढावर उंची = अंतर ÷ ३७. दोन्ही बाजूंचे वेळेनुसार अवकलन केले की चढण्याचा दर = वेग ÷ ३७. ताशी ३७ किमी वेगाची गाडी तासाला १ किमी, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मीटर उंची गाठेल. (अंतर रुळावर मोजा की आडवे, इतक्या चढाला फरक नगण्य.) चढ १:३७ असेपर्यंत हे गुणोत्तर तेच राहते, त्यामुळे इथे डोक्याला फारसे काम नाही.

धरणात दर का बदलतो

खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचे मोरबे धरण नवी मुंबईला पाणी पुरवते. दरी खाली अरुंद, वर रुंद. हिशेबापुरता तिचा छेद टोक खाली असलेल्या त्रिकोणाचा आणि लांबी कायम मानू. मग

साठा = क × उंची² (क हा स्थिरांक)

साठ्याचा दर = २ × क × उंची × उंचीचा दर

यातला ‘२ × क × उंची’ हा भाग म्हणजे त्या क्षणीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. समजा, पाणी २० मीटरवर आहे, पृष्ठभाग २.५ चौरस किमी आहे आणि तासाला १ लाख घनमीटर पाण्याची भर पडते आहे. १ लाख भागिले २५ लाख, म्हणजे पातळी तासाला ४ सेंमी चढेल. पाणी ४० मीटरवर गेले की पृष्ठभाग ५ चौरस किमी होतो. भर तेवढीच, पण चढ तासाला २ सेंमीच. पाऊस तोच असूनही भरत आलेले धरण रेंगाळते, ते यामुळे.

आकडे कधी घालायचे

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. उंची २० मीटर आहे म्हणून अवकलनाआधीच ती सूत्रात घातली, तर साठा = ४०० × क, म्हणजे स्थिर संख्या; तिचा दर शून्य. ऐन जुलैत धरणात थेंबही येत नाही, असे उत्तर निघेल! आधी नाते, मग अवकलन, आणि त्या क्षणाचे आकडे शेवटी. एककेही तेव्हाच जुळवावीत: सेंमीचे मीटर, चौरस किमीचे चौरस मीटर.

प्रत्यक्षातली दरी

खरी दरी इतकी नेटकी नसते. म्हणून सर्वेक्षण करून प्रत्येक पातळीला पृष्ठभाग किती, साठा किती, याचा तक्ता बनवतात. तक्त्यातले क्षेत्रफळ गुणिले पातळी चढण्याचा दर, एवढ्यावर साठ्यातली निव्वळ वाढ कळते. तीत शहराला सोडलेले पाणी, बाष्पीभवन आणि गळती मिळवली की डोंगरावरून खरोखर किती पाणी आले ते निघते.