जुन्नरच्या लेण्यांतलं कर्म

घरात मोठं आजारपण आलं, उभं पीक हातचं गेलं, की आपल्याकडे सहज म्हटलं जातं, ‘कर्माचे भोग, दुसरं काय!’ कर्म म्हणजे कपाळी लिहून आलेलं, हा अर्थ बोलण्यात इतका मुरलाय की बुद्धानेही हेच सांगितलं असणार, असं बरेचजण धरून चालतात. त्यांनी मंचर, नारायणगाव ओलांडून जुन्नरला जावं आणि तिथले शिलालेख समजून घ्यावेत.

शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा अशा जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. स्तूप, भिक्खूंच्या खोल्या, निजायचे दगडी ओटे आणि पाण्याची टाकी असं त्यांचं साधं रूप. कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाटाने वर चढायचा. त्या व्यापाराच्या पैशाचा या खोदकामाला मोठा आधार होता.

मानमोडीतला एक छोटा लेख पाहा. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने एक पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, आणि एक मंडप दिला. पुण्यासाठी. वर्ष 46, शक संवत धरला तर इ.स. 124. दानाला तिथे ‘देयधम्म’ म्हटलंय, आणि जुन्नरच्या कितीतरी लेखांत हाच शब्द येतो. देणं हाच धम्माचा भाग. उन्हाळ्यात या कातळावर पाण्याची काय किंमत असते, ते चढून गेलेल्यालाच कळतं.

आता नाणेघाटात जाऊ. तिथला सातवाहन राणी नागनिकेचा लेखही धर्माला वंदन करूनच सुरू होतो. पण पुढे येते ती अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची यादी. तिथे कर्म म्हणजे यथासांग पार पडलेला विधी. बुद्धाने कर्माचं मूळ विधीतून काढून माणसाच्या मनात नेलं. अंगुत्तर निकायात तो चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हणतो. हेतू धरूनच माणूस काया, वाचा आणि मनाने कर्म करतो.

मग भोगांचं काय? संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक नेमकं हेच विचारतो: सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येतं, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरं का? बुद्ध आठ कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, अचानक झालेला आघात, आणि आठवं कर्मफल. सगळ्याचा बोजा पूर्वकर्मावर टाकणारे चूक आहेत, असं तो स्पष्ट सांगतो. हे संभाषण आपल्या प्रत्येक शाळेत वाचलं जावं, असं मला मनापासून वाटतं. आजारी माणसाला ‘तुझंच पाप’ म्हणणं किती क्रूर आहे, हे त्यातून उमगतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धागा घट्ट धरला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यांचा बुद्ध आणि धम्मावरचा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या निधनानंतर आला. माणसाचं दारिद्र्य आणि खालचा जन्म गतजन्मीच्या पापावर ढकलणारा सिद्धान्त बुद्धाचा असूच शकत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. कर्मनियम म्हणजे जगातली नैतिक व्यवस्था. पाली ग्रंथांत पुढच्या जन्मांचे उल्लेख भरपूर आहेत, त्यामुळे थेरवादी परंपरेला ही मांडणी जशीच्या तशी मान्य नाही. तरी ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या ‘कर्म’ या शब्दाखाली चिरडल्या गेल्या, त्यांच्यासाठी हा अर्थ मोकळा होणं गरजेचंच होतं.

जुन्नरच्या दात्यांत जन्माची अट कुठे दिसत नाही. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. इरिल, चिट, चंद हे यवन, म्हणजे ग्रीक. त्यातल्या चिटाने संघाला भोजनमंडप दिला. अदुथुम नावाच्या शक उपासकाने तर जमीनच दिली, त्यातली वीस निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) करंजाच्या झाडांसाठी.

आणि शिवनेरीवरचं चैत्यगृह गृहपती वीरसेनकाचं. अयमाने हेतू कोरला तो पुण्याचा; वीरसेनकाच्या लेखातला हेतू आहे सर्व लोकांच्या हिताचा आणि सुखाचा. शिवजन्मस्थानाला जाणाऱ्यांनी हे लेणंही वेळ काढून पाहावं.